चूक, सर!

"वर काहून पाहून राहिल्या, मॅडम? खाली पाहा. आभाळ खालीच दिसते."

आमच्या हेडसरांचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. बाळापूरपासून सात-आठ किलोमीटर आत, एका गावच्या दोनशिक्षकी शाळेत मी बदलून गेले तो दिवस. ऑटोतून उतरले तर उन्हानं डोळे दिपलेले, मनगटावरचं घड्याळ बंद. कपाळावर हात धरून मी वर सूर्याकडे पाहिलं आणि किती वाजले असतील म्हणून पुटपुटले. फाटकाशी उभा असलेला एक उंच, वाळका माणूस स्वतःच्या सावलीचं टोक हेरून तिथवर पावलानं मोजत गेला, चौथं पाऊल अर्धं टाकून थांबला आणि म्हणाला, "अकराले दहा कमी."

मी पर्समधून मोबाईल काढला. अकराला आठ कमी होते. "दोन मिनिटं चुकलात," मी म्हटलं. अमरावतीच्या आमच्या घरात आजोबांपासून सगळे वकील. समोरच्याची चूक काढल्याशिवाय आम्हाला अन्न पचत नाही. ह्यांना राग यायला हवा होता, पण स्वारी एकदम खूश! खिशातून लिमलेटची गोळी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "चूक दाखवनाराले गोळी. आपल्या शाळेचा नियम हाय."

मनात म्हटलं, झालं, एक वेडा पदरी पडला.

तुमच्याही पाहण्यात असे शिक्षक असतील, ज्यांचा एखादाच विषय असतो आणि बाकी सगळे विषय फिरून फिरून तिथंच येतात. सरांचा विषय आभाळ. दुर्बिणीतून त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही नागपूरच्या कुठल्याशा प्रशिक्षणात, रांगेत उभं राहून. घर तिवस्याकडचं, शेतकऱ्याचं. सामान म्हणाल तर गवंड्याचा एक ओळंबा, मीटरची टेप आणि चुन्याची पुडी. दर सोमवारी दुपारी, खिचडी शिजत असताना, झेंड्याच्या खांबाची सावली सगळ्यात आखूड व्हायची ती वेळ गाठून पोरं तिच्या टोकावर चुन्याचा ठिपका द्यायची. डिसेंबरात ती लांबच लांब. मग संक्रांतीनंतर आठवड्याआठवड्याला आत सरकायची. दुसरीतलं पोरगंही तुम्हाला सांगायचं की सूर्य उत्तरेकडे निघाला आहे आणि कुठवर आला आहे.

मोजायचं पोरांनी, आणि मोठ्यानं आकडा सांगायचा सरांनी. तो आकडा ते मुद्दाम चुकीचा सांगत. टेपवर एक मीटर वीस असेल तर हे म्हणणार, "लिहा रे, एक मीटर तीस." सगळं पटांगण ओरडायचं, "चूक, सर!" मग बरोबर आकडा सांगणाराला गोळी. कधी फळ्यावरचं गणित चुकवायचे, कधी तारीख. "मी सांगतो ते लिहू नका. दिसते ते लिहा," हे दिवसातून दहादा.

मी सुरुवातीला वैतागले होते. अहो, माझ्या तासालाही पोरं हात वर करायची! एकदा मी चिडून विचारलं, "ही कसली शिस्त, सर? उद्या ही पोरं आपल्या डोक्यावर बसतील."

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. आपलं यान रात्री चंद्रावर उतरता उतरता आपटलं होतं, आणि उजाडल्यावर शनिवारची सकाळची शाळा होती. पोरं रडवेली. एकानं विचारलं, सर, ते कावून पडलं? "आता मले काय समजते त्यातलं? ते शास्त्रज्ञ सांगतीन. पन मी पोट्ट्याईले म्हटलं, यान उतरते तवा खाली पाह्यत पाह्यत उतरते. जमीन किती दूर हाय, घडीघडी मोजते. तो आकडा चुकला अन् कोनी टोकलं नाही, तं मंग खेळ खलास. म्हून आपन टोकाचं. सरले पन टोकाचं." त्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या. पुढं दुसरं यान नीट उतरलं त्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर पोरं नाचली, आणि हा माणूस दाराशी उभा राहून नाक शिंकरत होता. त्यानंतर मी माझ्या तासालाही कधीकधी मुद्दाम चुकू लागले.

एका गोष्टीचं मात्र सरांना कायमचं दुःख. सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली मिनिट-दोन मिनिटं तिच्या पायाखाली नाहीशी होते, असे दिवस आपल्याकडे वर्षातून दोनच. पहिला मेच्या शेवटी, दुसरा जुलैत. "वर्षभर पोट्टे सावली मोजतात, अन् ती संपाची येते तं सुट्टी लागते. दुसऱ्या बारीले शाळा भरलेली असते, तं आभाळ भरलेलं राह्यते. एक दिवस सुट्टी खाते मॅडम, एक ढग खातात. तीस वर्सं झाली, पोट्ट्याईसंगं मले तो दिवस भेटला नाही." हे सांगताना ते हसत. पण दरवर्षी सांगत.

आणि मग ते पत्र आलं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत विलीन करायच्या. पट म्हणजे मुलांची संख्या. आमची चौथी बाहेर पडली की उरत होती सोळा. गावात पिवळी बस यायला लागल्यापासून घरं एकेक करून इंग्लिश मीडियमकडे गेली होती. आमची शाळा मिटली असती तर उरलेल्या लेकरांनी बाळापूरला जायचं, सात किलोमीटर. मुलग्यांचं निभलं असतं, पण पोरींना कोणी पाठवलं नसतं, हे मला कळत होतं आणि सरांना माझ्याहून जास्त.

"मले काय, कुठीही टाकतीन," ते म्हणाले. "दोन वर्सं राह्यली माही. पन ह्या पोट्ट्या घरी बसतीन ना, मॅडम. धुनं-भांडं करतीन अन् मंग लगन."

त्या मे महिन्यात आम्ही दारोदार फिरलो. तुम्ही वऱ्हाडातला मे पाहिला असेल तर मी काय म्हणते ते कळेल. दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. डोक्याला उपरणं, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, असे सर घराघरापुढे उभे. "या बाई यंदा आपल्या शाळेत, टाका नाव." बाया पाणी द्यायच्या, बसायला खाट टाकायच्या, आणि पाहू म्हणायच्या. एक जण तोंडावर म्हणाला, "गुर्जी, तुमची शाळा आज हाय उद्या नाही, लेकराचं नुकसान कायले करू?" बाहेर आल्यावर सर वेशीच्या निंबाखाली बसले आणि एकदम म्हणाले, "मॅडम, मले तं आता भेव वाटून राह्यलं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं काही मी ऐकलं नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी गावाला आवतण दिलं. सावली हरवते त्या दिवशी भर दुपारी सगळ्यांनी शाळेत या, लेकरांना घेऊन या. कपाळ माझं! दुसऱ्या शाळा दप्तरं वाटतात, आणि हे पंचेचाळीस डिग्रीत लोकांना ऊन पाहायला बोलावतात.

आम्ही पटांगणात खिचडीचे स्टीलचे पेले उलटे मांडून ठेवले होते. बारा वाजले, सव्वाबारा झाले, पाखरू फिरकलं नाही. शेवटी एक बाई आली, तीन लेकरं घेऊन. नवरा कापसाच्या जिनिंगवर कामाला होता. मधली मुलगी, वैष्णवी, तिसरीत जाणार होती. पिवळ्या बसमध्ये तिला रोज उलटी व्हायची म्हणून जानेवारीपासून घरीच होती. पाय भाजत होते म्हणून तिघं एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती.

पेल्यांच्या सावल्या सरकत सरकत पेल्यांत शिरल्या आणि संपल्या. सर म्हणाले, "पाहा, दोन बोटं सावली हाय."

वैष्णवी वाकून पाहू लागली. पेल्याभोवती फिरली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कुठी हाय? नाई ना! खोटं बोलता का जी तुमी?"

तिची आई शरमली. "ए, गुर्जीले असं म्हनतात का?"

सरांनी गोळी काढली. इतका आनंद मी त्या उन्हाळ्यात त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. ते त्या बाईला म्हणाले, "बाई, असंच म्हनाले शिकवतो आमी अठी."

बाई थोडा वेळ आपल्या पायाशी नसलेली सावली शोधत राहिली. मग हसली. "टाका तिघाईचं नाव."

एकोणीस झाले. विसावा मुलगा पहिलीत दाखल झाला खरा, पण जून संपायच्या आत त्याचा बाप बांधकामावर पुण्याला गेला आणि कुटुंब घेऊन गेला. सर त्या बापाला रोज फोन करत. "पोळ्याले येतो गुर्जी," तो म्हणे. म्हणजे कागदावर वीस आणि बाकावर एकोणीस. पडताळणी मात्र हजर मुलांची होणार होती.

जुलैत पडताळणीची तारीख कळली आणि सरांनी कॅलेंडर पाहून डोक्याला हात लावला. तोच दिवस. त्यांचा दुसरा, ढगांनी खायचा दिवस.

सकाळपासून आभाळ गच्च होतं. शाळा भरायच्या आधी मी सरांना वर्गामागे गाठलं. "सर, आज वीस म्हणा. आजूबाजूच्या शाळा पाच-पाच नावं वाढवतात. तुम्हाला एक वाढवायचं आहे, आणि तोही खरा मुलगा आहे. देवाशपथ, एकच आकडा आहे हो."

ते ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "पाहू," म्हणाले.

"पाहू नका. पोरींचा विचार करा."

हे मी बोलले. ते मागं घेता येत नाही.

बारानंतर ढग फाटले. ऊन असं पडलं की ओल्या पटांगणातून वाफा निघाल्या. पोरं ओरडत बाहेर धावली. इतक्या वर्षांनी सरांना तो दिवस सगळ्या पोरांसकट मिळाला होता! पेले मांडले गेले, टेप आली. सर एका पोराला म्हणाले, "लिहा, चार बोटं," आणि पटांगण ओरडलं, "चूक, सर!" नेमका तेव्हाच फाटकातून मोटारसायकल आत आली.

पडताळणीला आलेले साहेब भले गृहस्थ होते. मी त्यांना दोष देणार नाही. भिजलेले, थकलेले, अजून तीन शाळा करायच्या होत्या. व्हरांड्यात खुर्ची टाकली, मी चहा दिला. त्यांनी पटांगणाकडे पाहिलंही नाही. कागद मांडीवर घेऊन म्हणाले, "बोला गुरुजी, हजर किती? तुम्ही सांगाल ते लिहितो."

सर पायरीवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"वीस," ते पुटपुटले.

"मोठ्यानं बोला हो. पावसानं कानाला दडे बसलेत."

"वीस!"

अरे देवा. मला ते आधी कळायला हवं होतं. ज्या पोरांना इतकी वर्षं सरांचा चुकीचा आकडा पकडायला शिकवलं, ती दहा पावलांवर उभी होती आणि खेळ चालू होता.

"चूक, सर!" वैष्णवी पहिली ओरडली. मग सगळी. "चूक, सर! एकोणीस! आमी एकोणीस हाओत!" हसत, ढकलाढकली करत पायरीशी आली आणि हात पुढे केले. वैष्णवीचा हात सगळ्यांच्या पुढे.

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी पोरांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. आणि मी तुम्हाला खरं सांगते, त्या माणसानं वाट करून दिली. म्हणाले, "लेकरं आहेत. मोजता येत नसेल अजून. काय गुरुजी? वीसच ना?"

सरांनी फक्त इतकं म्हणायचं होतं की हो, पोरं चुकली.

मी मनात देवाला हात जोडले. म्हणा, सर. म्हणा ना. सरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते वैष्णवीच्या पसरलेल्या हाताकडे पाहत होते. ती खात्रीनं उभी होती, कारण तिनं मोजलं होतं. मग त्यांचा हात खिशात गेला. पहिली गोळी बोटांतून निसटून चिखलात पडली. दुसरी त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

"बरोबर हाय, बाई," ते म्हणाले. "एकोनीस. लिहा साहेब."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

गणपतीच्या आधी शाळा विलीन करण्याचा आदेश आला. सरांना पातूरकडच्या एका शाळेत टाकलं, मला बाळापूरच्या मोठ्या शाळेत. एकोणिसांपैकी अकरा आमच्याकडे आले. न आलेल्या आठांत सहा मुली. वैष्णवी आली, कारण तिचा बाप तिला सायकलवर सोडू शकत होता.

पण गावानं तिला सोडलं नाही. ज्यांनी स्वतःची मुलं पिवळ्या बसमध्ये बसवली त्या बायासुद्धा नळावर तिला म्हणायच्या, "तुह्या तोंडानं शाळा खाल्ली वं." घरी आईनंही कधी रागात म्हटलं असेल. नऊ वर्षांची पोर. ती बोलायची थांबली. मुकी झाली नाही, विचारलं तर हो-नाही म्हणायची. पण हात वर करायची थांबली.

सरांना हे माझ्याकडून कळलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. दर शनिवारी पातूरहून दोन एसटी बदलून ते तिच्या घरी जायचे. ती आत पडद्यामागं जाऊन बसायची. ते बाहेर खाटेवर बसून पडद्याशी बोलायचे. "तू बरोबर होती वं माय. चूक माही होती. आयकते काय?" तिची आई मला म्हणाली, "गुर्जी रडून राह्यले होते मॅडम, मलेच पाहावलं नाही." परतल्यावर त्यांचा मला फोन. एकच प्रश्न. "वर्गात बोलली का?"

"नाही, सर."

"बरं."

डिसेंबरात छाती भरून आली म्हणून त्यांना अकोल्याला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तर माणूस खाटेत मावत नव्हता इतका उंच आणि तरी केवढासा दिसत होता. नाकात नळी. मला बघून त्यांनी ओठ हलवले. मी कान जवळ नेला. "बोलली का?"

मी वकिलाची नात. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. म्हटलं, "बोलली, सर. काल मी फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं. ताडकन उभी राहिली. सगळ्या वर्गासमोर मला म्हणाली, चूक, मॅडम."

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहून कानात गेलं. "जोरानं म्हटलं का?"

"खूप जोरानं."

"गोळी देल्ली?"

"दिली."

त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चौथ्या दिवशी ते गेले. तिवस्याकडे नेलं. मला रजा मिळाली नाही.

तेव्हापासून मी रोज एक गणित चुकीचं लिहिते. सात आठे चोपन्न तर किती वेळा लिहून झालं. साठ पोरांचा वर्ग आहे, मुकाट्यानं उतरवून घेतात. मी खडू हातात धरून थांबते. वैष्णवी दुसऱ्या बाकावर बसते. बरोबर उत्तर तिला येतं, मला माहीत आहे. चोपन्नावर आली की तिची पेन्सिल थांबते. ती एकदा फळ्याकडे पाहते, एकदा माझ्याकडे. मग मान खाली घालते आणि चोपन्न लिहिते.